आधी मुलीला सांगा, मग लस द्या

वर्षावासातला एक रविवार. विहारात ग्रंथवाचन झाले, चहा झाला, मोठी माणसे घरोघर गेली आणि महिला मंडळाच्या आम्ही चौघीजणी वस्तीतल्या आठवी ते दहावीच्या मुलींना घेऊन मागच्या खोलीत बसलो. विषय सांगितला : गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग आणि त्यावरची एचपीव्ही लस. खोली एकदम गप्प झाली. एकीने ओढणी तोंडाला लावली. दोघी एकमेकींना कोपराने ढोसून हसू लागल्या. विचारा काही, म्हटले, तर सगळ्या जमिनीकडे बघू लागल्या.

मग आम्ही वहीची पाने फाडून चिठ्ठ्या केल्या. नाव लिहू नका, मनात येईल तो प्रश्न लिहा, असे सांगितले. पाच मिनिटांत डबा भरला.

‘हा कॅन्सर लग्न झालेल्या बायकांनाच होतो ना?’

‘लस घेतली की पुढे मूल होत नाही असं शेजारची काकू म्हणते. खरं का?’

‘सुई लई दुखते का?’

‘पाळी चालू असताना लस घेतली तर चालते का?’

‘शाळेत सगळ्यांना दिली तर आपल्याला नाही म्हणता येतं का?’

‘आईला कसं विचारू? ती म्हणेल, तुला कशाला हव्यात या गोष्टी.’

आणि एका चिठ्ठीवर बारीक अक्षरात : ‘माझी आजी याने गेली. मला पण होणार का?’

ही शेवटची चिठ्ठी कोणाची, हे आम्ही चौघींनीही ओळखले. ती आजी आम्हा सगळ्यांच्या ओळखीची होती. नाक्यावर भाजीची पाटी घेऊन बसायची. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पांढरी साडी नेसून सर्वांत पुढे असायची. पाळी जाऊन सात-आठ वर्षे झाल्यावर तिच्या अंगावर पुन्हा लाल जाऊ लागले. तिला वाटले, उष्णता असेल. मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणल्या. सुनेला सांगायची लाज वाटली आणि मुलाला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. जुन्या साड्यांच्या घड्या घेऊन ती आठ महिने पाटीमागे बसली. वास येऊ लागला तेव्हा सुनेच्या लक्षात आले. मोठ्या दवाखान्यात नेले, तोवर आजार फार पुढे गेला होता. पुढची बुद्धपौर्णिमा तिला दिसली नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाला आम्ही गेलो होतो. तिच्या कष्टांबद्दल बोललो, तिच्या हातच्या भाकरीबद्दल बोललो. ती कशाने गेली, हे मात्र कोणीच तोंडावाटे काढले नाही. ‘पोटाचा आजार होता’ एवढेच म्हणालो. आमच्या मंडळाने पाण्याच्या नळासाठी मोर्चे काढले आहेत, दारूच्या गुत्त्यावर धडक मारली आहे. पण एका बाईच्या शरीराच्या एका भागाचे नाव घ्यायला आम्ही कचरलो. घरात नऊ-दहा वर्षांची नात होती. तिला सगळे कळत होते, फक्त तिला कोणी काही सांगत नव्हते. ती चार-पाच वर्षे तो प्रश्न मनात घेऊन फिरत होती.

म्हणून या महिन्याच्या आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे. आमचे म्हणणे सरळ आहे. आपल्या मुलींनी ही लस घ्यावी. पण त्याआधी त्यांना ती समजली पाहिजे. आईबापाला विचारून, शाळेला विचारून, डॉक्टरला विचारून झाले की मुलीने फक्त बाही वर करायची, ही पद्धत आपल्याला नको.

आजार कसा होतो

ज्याला आपण घरात ‘पिशवी’ म्हणतो ते गर्भाशय. त्याचे खालचे, योनीकडे उघडणारे तोंड म्हणजे गर्भाशयमुख. तिथे होणाऱ्या कर्करोगाचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते, एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा नावाचा विषाणू. हे शोधून काढणारे जर्मनीचे शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

या विषाणूचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. बहुतेक निरुपद्रवी असतात. काही मोजके घातक असतात. त्यातले १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारण होतात. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो आणि त्यांना पत्ताही लागत नाही. शरीर त्याला एक-दोन वर्षांत आपोआप हुसकावून लावते. काही बायकांच्या अंगात मात्र तो ठाण मांडतो. तिथल्या पेशी हळूहळू बदलू लागतात आणि कर्करोग व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षे लागतात. एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती कमी झाली असेल, तर हा काळ बराच कमी होतो.

पंधरा-वीस वर्षे! म्हणजे हा दबक्या पावलांनी येणारा आजार आहे आणि त्याला वाटेत अडवायला भरपूर वेळ मिळतो. तरीही जागतिक कर्करोग नोंदींच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा आजार झाला आणि सुमारे ८० हजार दगावल्या. दर सहा-सात मिनिटांना एक बाई. आपल्या देशातल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगानंतर याचाच क्रमांक लागतो.

आता त्या चिठ्ठीचे उत्तर. आजीला झाला म्हणून नातीला होणारच, असा हा आजार नाही. तो रक्तातून वारशाने उतरत नाही, विषाणूमुळे होतो. आणि त्या विषाणूला अडवणारी लस आजीच्या तरुणपणी नव्हती, नातीच्या वेळी आहे.

‘घाण’ आणि ‘चालचलन’

इथे दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात, कारण त्यांच्यामुळेच बायका गप्प बसतात.

पहिली, ‘अस्वच्छतेने होतो’ ही समजूत. वस्तीतल्या बाईला हा आजार झाला की ऐकवले जाते, तुम्ही लोक स्वच्छता पाळत नाही. आपल्या समाजाला हा शब्द नवा नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी गावाची घाण उचलली त्यांनाच घाणेरडे ठरवले गेले. पाळीचे कापड स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावे हे खरेच, त्याने दुसरे जंतुसंसर्ग टळतात. पण या कर्करोगाचे मूळ विषाणूत आहे. तो बंगल्यातल्या बाईलाही होतो. गरीब बाई जास्त मरते, कारण तिची तपासणी होत नाही, मजुरी बुडवून दवाखान्यात जाणे तिला परवडत नाही आणि ती पोहोचते तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरी, चालचलनाची शंका. शरीरसंबंधातून पसरतो म्हटले की लोक बाईकडे संशयाने बघतात. जिने आयुष्यभर एकाच नवऱ्याबरोबर संसार केला तिलाही हा विषाणू होऊ शकतो. तो नवऱ्याकडून आलेला असतो आणि नवऱ्यालाही तो कधी, कुठून आला हे ठाऊक नसते, कारण पुरुषाला बहुधा काहीच त्रास होत नाही. सर्दीच्या विषाणूवरून आपण कोणाचे चारित्र्य ठरवत नाही. इथेही ठरवू नये.

बाईच्या शरीराबद्दल चारचौघांत बोलायचे कसे, असे काही जण म्हणतील. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला होता. तो मांडणारे होते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम. ठराव पडला, पण वारंवारच्या बाळंतपणांनी बाईच्या शरीराचे काय होते, हा विषय भर सभागृहात बोलला गेला. त्या चळवळीची लेकरे आपण, आणि ८०-९० वर्षांनंतर आपल्या विहारात ‘गर्भाशय’ हा शब्द उच्चारायला लाजायचे?

लस काय करते, काय करत नाही

लस त्या विषाणूला ओळखायला शरीराला आधीच शिकवते. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, फक्त त्याच्या बाहेरच्या कवचासारखे कण असतात. त्यामुळे लसीने हा आजार होऊच शकत नाही. शरीरात आधीच शिरलेल्या विषाणूला मात्र ती घालवत नाही. म्हणूनच ती लहान वयात, ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान द्यायची असते, विषाणूशी गाठ पडण्याच्या कितीतरी आधी. ‘एवढ्या लहान पोरीला कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. छत्री पाऊस यायच्या आधी घ्यावी लागते.

‘लस दिली की मुलगी बिघडेल’ असेही एक भय घरात असते. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले म्हणून कोणी गंजक्या खिळ्यांवर नाचत नाही.

मूल होत नाही, हे खोटे आहे. २००६ पासून जगभर कोट्यवधी मुलींना ही लस मिळाली आहे. त्या मुली आज आया झाल्या आहेत. आपला शेजारी भूतान, बौद्धांचा छोटा डोंगराळ देश, २०१० पासून आपल्या मुलींना ही लस देतो आहे. आपल्याच सिक्कीम राज्याने २०१८ साली मोहीम घेऊन बहुतेक सगळ्या पात्र मुलींना ती दिली. स्कॉटलंडमध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलींना २००८ पासून लस देऊ लागले. त्या वयात पूर्ण लस घेतलेल्या पहिल्या तुकडीतल्या मुली आता मोठ्या झाल्या आहेत आणि २०२४ साली तिथल्या अभ्यासकांनी नोंदवले, की त्यांच्यात गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेली एकही आढळली नाही.

सुई दुखते का? दंडाला टोचतात, थोडी ठणकते. एक-दोन दिवस हात दुखेल, सूज येईल, कणकण वाटेल, डोके दुखेल. सुईच्या भीतीने काही मुलींना भोवळ येते. म्हणून उपाशीपोटी जाऊ नये, बसून लस घ्यावी आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबावे. पाळी चालू असेल तरी लस घेता येते. पाळी अजून आली नसेल तरी घेता येते. अंगात जास्त ताप असेल तर बरे झाल्यावर घ्यावी. आधी कुठल्या लसीने अंगावर मोठी गांधी उठली असेल किंवा श्वास अडकला असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

आणि एक खरे सांगून टाकतो. लस म्हणजे शंभर टक्के कवच नाही. सगळेच घातक प्रकार तिच्यात येत नाहीत. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच आहे.

भीती कुठून आली

आमच्या सभेत एक आई दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, ‘ताई, सगळं खरं. पण नवीन औषध आलं की आधी आपल्याच पोरींवर कसं काय येतं?’

या प्रश्नावर हसू नये. त्यामागे खरा इतिहास आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या वीस हजारांहून जास्त मुलींना ही लस दिली गेली. ‘पाथ’ ही परदेशी संस्था, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारे यांचा तो प्रकल्प होता. खम्ममच्या कितीतरी मुली आदिवासी होत्या आणि वसतिगृहात राहत होत्या. त्यांच्या संमतीच्या कागदांवर आईबापाऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या सापडल्या. हा एक अभ्यास आहे, सरकारची नेहमीची लसीकरण मोहीम नव्हे, हे अनेक घरांना कळलेच नव्हते. सात मुली दगावल्याच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. एक मुलगी बुडून गेली होती, एक साप चावून. पण संमती ज्या पद्धतीने घेतली गेली तिच्यावर २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने कडक ताशेरे ओढले.

आमचा राग इथे आहे. लस घातक नव्हती. घातक होते ते गरीब आदिवासी मुलीला विचारायची गरजच न वाटणे. त्या वॉर्डनच्या सहीने जे नुकसान केले ते अजून भरून आलेले नाही. सांगितले नाही की शंका उगवते, शंकेतून अफवा, आणि अफवेने मुली लसीवाचून राहतात. म्हणजे शेवटी भोगणार पुन्हा आपलीच पोर.

हे ज्ञान आपल्या बायांनी दिले आहे

पण या इतिहासाला दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

वर सांगितलेल्या प्रकल्पाच्याच काळात भारतात आणखी एक मोठा अभ्यास चालू होता. पुणे, आपली बार्शी आणि देशातली इतर काही ठिकाणे मिळून दहा ते अठरा वर्षांच्या सतरा हजारांहून जास्त मुली त्यात होत्या. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे त्यात बघायचे होते. खम्ममच्या गदारोळानंतर सरकारने सगळेच लसीकरण थांबवले, तसा तोही मध्येच अडकला. त्यामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. अभ्यासकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही. दहा वर्षे त्यांची तपासणी चालू ठेवली. २०२१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की १६ आणि १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका डोसनेही जवळपास ९५ टक्के संरक्षण मिळाले, दोन-तीन डोस घेतलेल्या मुलींच्या तोडीचे. या आणि इतर देशांतल्या अभ्यासांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले, की ९ ते २० या वयात एक डोसही चालेल. आज गरीब देशांतल्या लाखो मुलींना एका सुईत संरक्षण मिळते आहे, त्यात सोलापूर जिल्ह्यातल्या पोरींचा वाटा आहे.

त्याआधीची गोष्ट तर आणखी जवळची. १९९८ पासून टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या मुलींना काही आठवडे शिकवून आरोग्यसेविका केले. त्या व्हिनेगरसारखे सौम्य द्रावण गर्भाशयमुखाला लावून उघड्या डोळ्यांनी तपासणी करायच्या. पांढरा डाग दिसला की पुढे पाठवायच्या. एवढ्या साध्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ साली हे जगापुढे आले. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त खेड्यातल्या बायकांच्या अभ्यासात दिसले, की एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू निम्म्यावर येतात.

या अभ्यासांवरही आक्षेप आले आणि ते रास्त होते. तुलनेसाठी ठेवलेल्या बायकांना आजाराची माहिती दिली, पण त्या काळात तपासणी दिली नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणी या आजाराने गेल्या. त्यांची आठवण आपण ठेवली पाहिजे.

आमचे म्हणणे असे, की ज्यांच्या शरीरातून हे ज्ञान निघाले त्यांच्या लेकी-नातींना त्याचा लाभ मिळालाच पाहिजे. तो आपला हक्क आहे. लस नाकारली तर झालेला अन्याय पुसला जात नाही, उलट आपल्या वाट्याचे आपणच सोडून देतो. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये, तपासून बघावे, ही शिकवण आपल्या घरात आहे. ती सरकारच्या बोलण्याला लागू होते, तशी शेजारच्या काकूच्या बोलण्यालाही लागू होते आणि मोबाईलवर आलेल्या निरोपालाही.

मुलीला काय सांगायचे

आई-बाबांनो, मुलीला जवळ बसवा आणि चार वाक्ये सांगा. गर्भाशय कुठे असते. त्याला कोणता आजार होऊ शकतो. तो विषाणूने होतो, मोठेपणी नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. त्याला अडवणारी लस आहे आणि ती तुला देण्याचा आमचा विचार आहे, तुला काय वाटते? मग गप्प बसा आणि तिचे ऐका. ती नाही म्हणाली तर का, ते विचारा. बहुतेक वेळा सुईची भीती असते, नाहीतर कोणीतरी सांगितलेली अफवा. दोन्ही बोलून सुटतात. बाबाही बसू द्या सोबत. मुलगाही बसला तर उत्तम, कारण विषाणू त्याच्याकडूनही पसरतो.

लस देणाऱ्याला विचारायचे प्रश्न मुलीने स्वतः वहीत लिहून न्यावेत. लसीचे नाव काय? ही सरकारी मोहीम आहे की अभ्यास? किती डोस? नंतर त्रास झाला तर कोणाला फोन करायचा? संमतीचा कागद मराठीत आहे का? सही आईबापाची हवी. शिक्षकांची चालणार नाही, नगरसेवकाची तर नाहीच. लसीचे कार्ड घरात जपून ठेवा.

सरकारी केंद्रात आपल्या भागात कोणत्या वयाच्या मुलींना ही लस मोफत मिळते, ते आशाताईंना किंवा जवळच्या दवाखान्यात विचारा. खासगीत घ्यायची तर पैसे हजारांत मोजावे लागतात. चार घरची धुणीभांडी करणारीला ते जमत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘सर्व्हावॅक’ ही देशी लस केली, तिला २०२२ साली मान्यता मिळाली. लस आपल्याच राज्यात बनते आणि आपल्याच वस्तीला परवडत नाही, हे चालू देऊ नये. आणखी एक गोष्ट : शाळेत मोहीम झाली की शाळा सुटलेल्या मुली राहून जातात. कोणी धाकट्या भावंडांना सांभाळते, कोणी आईबरोबर कामाला जाते. त्यांची नावे शाळेच्या पटावर नसतात, पण आपल्याला घर न्‌ घर माहीत असते. अशा मुलींची यादी करून आरोग्य केंद्रात द्यायचे काम विहारातल्या महिला मंडळांनी करावे.

आणि आईचे काय?

काही जाणकार म्हणतात, लसीवर एवढा खर्च करण्यापेक्षा तपासण्या वाढवा. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. आज पस्तीस-चाळिशीत असलेल्या बाईला लसीचा फारसा उपयोग नाही, तिला तपासणीच वाचवेल. पण मुलगी की आई, असे निवडायला आपण का तयार व्हावे? दोन्ही हवे. सरकारच्या २०१६ च्या सूचनांनुसार ३० ते ६५ वर्षांच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी ही तपासणी व्हायला हवी. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे अशी तपासणी एकदा तरी झालेल्या दोनसुद्धा निघाल्या नाहीत.

तपासणीला काही मिनिटे लागतात. भूल नाही, कापाकापी नाही. पेशी नुसत्या बदलू लागल्या असतील तर तिथल्या तिथे छोट्या उपचाराने काम होते, पिशवी काढावी लागत नाही. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये लाल जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, वास येणारे पांढरे पाणी, ओटीपोटात आणि कंबरेत सतत दुखणे : यातले काहीही असेल तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात जा. आजार निघालाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार होतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर घेऊन विचारा.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा विहारात बसलो. या वेळी दाराशी उभी राहिलेली ती आई आत येऊन बसली. भाजीवाल्या आजीची नात आली, तिच्याबरोबर तिची आई. मुलीच्या हातात वही होती. पहिल्या पानावर लस देणाऱ्या ताईंना विचारायचे सात प्रश्न होते. शेवटचा असा : ‘माझ्या आईची तपासणी पण त्याच दिवशी होईल का?’

तिच्या आईने मान खाली घातली, मग हसली आणि म्हणाली, ‘हिनंच मला धरून आणलंय.’